भाड्याचे घर आणि दुरुस्तीचा हक्क

मृग नक्षत्र जवळ आले, की खानदेशातील जुन्या वस्तीतला माणूस आभाळाकडे पाहण्याआधी आपल्या धाब्याकडे पाहतो. ज्यांचा जन्म स्लॅबच्या घरात गेला त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. भिंती मातीच्या, त्यांत सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडी किलच्या पसरलेल्या, त्यांवर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर खारी मातीचा लेप, असे हे सपाट छप्पर. खारी माती पाणी प्याली की घट्ट बसते आणि खाली पाणी उतरू देत नाही. पण तिचा गुण एका पावसाळ्यापुरता. दर वर्षी ती नव्याने टाकावी लागते, नाहीतर पहिल्या वर्षी घर गळते, दुसऱ्या वर्षी किलच्या कुजतात, आणि पुढे तुळईच वाकते.

घर स्वतःचे असेल तर खारी कोणी टाकायची हा प्रश्नच उद्भवत नाही. भाड्याचे असेल तर मात्र उद्भवतो, आणि तो फार जुना आहे. मालक म्हणतो, "जो राहतो त्याने टाकावी." भाडेकरू म्हणतो, "ज्याचे घर त्याचे धाबे." दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. या वादावर कायद्याने वेळोवेळी काय उत्तर दिले, त्या उत्तराचे व्यवहारात काय झाले आणि आज भाडेकरूच्या हाती नेमके काय उरले आहे, एवढाच आमच्या निबंधाचा विषय आहे.

दीपनगरच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना हा विषय दूरचा वाटेल, हे आम्ही जाणतो. वीजनिर्मिती केंद्राच्या वसाहतीत ज्याला क्वार्टर मिळाले तो भाडेकरू नव्हे. त्याचे घर नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते. छत गळले तर तो वसाहतीच्या कार्यालयात तक्रार नोंदवतो, घरमालकाला नोटीस देत नाही. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत आहे. परंतु सेवानिवृत्तीचा दिवस उजाडला की हाच माणूस भुसावळात, वरणगावात किंवा जळगावात घर शोधू लागतो. आणि मुलगा पुण्याला नोकरीला लागला की तोही तेथे भाड्यानेच राहतो. म्हणून हा विषय वाटतो तितका परका नाही.

आपल्याकडील प्राचीन ग्रंथांना भाड्याचे घर ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वास्तूसंबंधीच्या प्रकरणात, भाडे देणाऱ्या रहिवाशाला बाहेर काढणाऱ्या मालकाला 12 पण दंड सांगितला आहे, आणि जा म्हटल्यावरही न जाणाऱ्या रहिवाशालाही तेवढाच. रहिवासी चोरी, दांडगाई यांसारख्या कृत्यांत सापडला असेल तर मात्र मालकाला त्याला घालवण्याची मोकळीक आहे. नारदस्मृतीत आणखी एक मार्मिक नियम आढळतो. दुसऱ्याच्या जागेवर भाडे देऊन ज्याने स्वतः घर बांधले, त्याने जागा सोडताना आपले गवत, लाकूड आणि विटा घेऊन जावे. ज्याने खर्च केला त्याचा त्या वस्तूवर हक्क राहतो, ही समजूत त्यामागे स्पष्ट दिसते. धाब्यावर स्वखर्चाने खारी टाकणाऱ्या भाडेकरूला हा नियम आवडला असता. दुर्दैव एवढेच, की खारी काढून नेता येत नाही.

इंग्रजी अमलात या विषयाला निराळे वळण लागले. इंग्लंडच्या जुन्या न्यायात घर भाड्याने घेणाऱ्याने ते पाहून, पारखून घ्यावे असे गृहीत होते. भिंत ओली निघाली, छत गळके निघाले, तर ते त्याचे नशीब. तेथील मजूरवस्त्यांची स्थिती फारच खालावल्यावर 1885 च्या कायद्याने अल्प भाड्याच्या घरांपुरती, घर राहण्याजोगे असले पाहिजे अशी अट प्रथमच भाडेकरारात गृहीत धरली गेली. आपल्याकडे त्याच्या तीन वर्षे आधी, 1882 साली, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. मुंबई इलाख्याला तो तेव्हा लागू नव्हता. येथे तो 1 जानेवारी 1893 पासून लागू झाला. त्याचे 108 वे कलम आजही जिवंत आहे आणि भाडेकरूने ते एकदा तरी वाचावे असे आहे.

त्या कलमात भाडेकरूच्या बाजूने तीन गोष्टी आहेत. घरात काही मोठा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि घेणाऱ्याला सहज दिसण्यासारखा नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. आग, वादळ, पूर, सैन्याचा किंवा जमावाचा उपद्रव यांनी घराचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरूला वाटल्यास तो करार संपवू शकतो. 1872 साली पांझरेच्या पुराने धुळ्यात घरांची जी हानी झाली ती आठवली, म्हणजे पूर हा शब्द कायद्यात उगाच आलेला नाही हे पटते. तिसरी गोष्ट आमच्या विषयाच्या गाभ्याची आहे. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे, ती त्याने नोटीस मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करून घ्यावा.

वरवर पाहता यात सारे आले. पण शब्द पुन्हा वाचा: "जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे." बांधील केव्हा? करारात तसे लिहिले असेल तेव्हा. आणि करारात लिहिले नसेल तर? तर हे कलम मालकाला बांधून घेत नाही. उलट भाडेकरूवर मात्र त्याच कलमाने, घर घेतले त्या स्थितीत ठेवून परत करण्याचे बंधन घातले आहे. नैसर्गिक झीज त्यातून वगळली आहे. जळगावच्या पेठेत चार रुपये महिन्याने खोली घेणारा मजूर दुरुस्तीचे कलम असलेला करार कोठून करून घेणार? त्याच्याजवळ करारच नसे. भाड्याची पावती मिळाली तरी पुष्कळ. म्हणजे हक्क होता, पण त्याचे पहिले पाऊल मालकाच्या मर्जीवर होते.

हे सारे चालू असताना आपल्या गावांचे रूप पालटत होते. कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या काळात, पेशवाईच्या अस्तानंतर, धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले आणि तेथे सरळ रस्त्यांची नवी पेठ वसली. 1860 नंतर लोहमार्ग आला, आणि नागपूरकडे व जबलपूरकडे जाणारे रस्ते जेथे फुटतात त्या भुसावळला गावाचे शहर झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, जळगाव कापसाची मोठी पेठ बनली; पुढे जळगावला, अमळनेरला, धुळ्याला गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणी म्हटली की मजूर आला, मजूर आला की खोली आली, आणि जुन्या वाड्याचे तुकडे होऊन एकेका खणात एकेक बिऱ्हाड राहू लागले. वाडा एका कुटुंबासाठी बांधलेला, राहतात सात कुटुंबे. धाब्याची निगा आता कोणाच्याच घरची राहिली नाही.

भाड्याचा कायदा खऱ्या अर्थाने आला तो युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात बांधकाम थंडावले, मुंबईत भाडी भडकली. तिकडे ग्लासगोमध्ये 1915 साली भाडेवाढीविरुद्ध बायकांनी पुढाकार घेऊन भाडे न देण्याची चळवळ केली आणि ब्रिटिश सरकारला त्याच वर्षी भाडी गोठवावी लागली. मुंबई इलाख्यात 1918 साली युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी 1939 आणि 1944 असे दोन कायदे झाले. या साऱ्यांचा रोख भाड्याच्या रकमेवर होता. छताकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते.

स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई सरकारने जो कायदा केला, तो 1947 चा 57 वा, त्यात मात्र हे घडले. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते. जळगावची सिंधी कॉलनी त्याच काळाची आठवण आहे. घरे कमी, माणसे अफाट. अशा वेळी कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे धरले, पागडीवर बंदी घातली, नियमित भाडे देणाऱ्याला कारणावाचून काढता येणार नाही असे सांगितले. आणि 23 व्या कलमात एक वाक्य घातले, की उलट करार नसेल तर घर राहण्याजोग्या दुरुस्त स्थितीत ठेवण्यास प्रत्येक घरमालक बांधील राहील.

1882 च्या कायद्यात मालकाला बांधण्यासाठी करार लागत होता. 1947 मध्ये मालकाला मोकळे करण्यासाठी करार लागू लागला. कागद कोणी दाखवायचा हे उलटले. ज्याच्याजवळ कागद नसतो त्या गरीब भाडेकरूला याहून मोठी देणगी कायद्याने क्वचितच दिली असेल. या कलमाचे जेवढे कौतुक व्हायला हवे होते तेवढे झाले नाही, असे आम्हांस वाटते. भाडे गोठले याचीच चर्चा अधिक झाली.

दुरुस्तीसाठी घर रिकामे करणे भागच असेल, तर मालकाने न्यायालयातून ताबा घ्यावा. पण काम झाल्यावर जुन्या भाडेकरूला पुन्हा आत घ्यावे, अशीही तरतूद त्या कायद्यात होती. "डागडुजी करायची आहे, महिनाभर बाहेर जा" असे सांगून कायमचे बाहेर ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. कायदा करणाऱ्यांना ती ठाऊक होती.

मग एवढे असूनही वाडे का पडले?

याचे उत्तर कायद्यातच आहे. भाडेकरूने स्वतः दुरुस्ती केली तर खर्च वळता करता येतो, परंतु वर्षाच्या भाड्याच्या ठरावीक हिश्शापुरताच. सध्या लागू असलेल्या 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात हा विषय 14 व्या कलमात आहे. भाडेकरूने एकट्याने किंवा इतरांसह किमान 15 दिवसांची नोटीस द्यावी. मालकाने वाजवी मुदतीत काम केले नाही तर ते स्वतः करावे. आणि त्या वर्षी देय असलेल्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करावी. आता थोडे गणित करू. 1940 साली ज्या खोलीचे भाडे महिना 20 रुपये होते ती घेऊ. प्रमाण भाडे तेथेच थांबले. 1999 च्या कायद्याने, जो 31 मार्च 2000 पासून अमलात आला, त्यात 5 टक्के वाढ धरली: 21 रुपये. त्यानंतर मालकाला दर वर्षी 4 टक्के वाढ घेता येते. ती चक्रवाढीने धरली तरी 25 वर्षांनी भाडे साधारण 56 रुपये होते. वर्षाचे 672. त्याचा चौथा हिस्सा 168 रुपये.

168 रुपयांत गवंड्याचा अर्धा दिवसही निघत नाही. एक तुळई बदलायची तर लाकडाचा भावच विचारू नये. घर जितके जुने तितके भाडे कमी, भाडे जितके कमी तितका दुरुस्तीचा हक्क लहान. आणि दुरुस्तीची गरज मात्र त्याच घराला सर्वांत मोठी. औषधाचा डोस रोग्याच्या दुखण्यावर न ठरवता त्याच्या खिशावर ठरवावा, तसे हे झाले.

येथे घरमालकाची बाजू ऐकली नाही तर अन्याय होईल. सगळेच मालक काही शेठसावकार नव्हते. एखाद्या विधवेला नवऱ्याच्या मागे वाड्याचे चार खण राहिलेले, त्यांच्या भाड्यावर तिचे पोट. भाडे 1940 चे, नगरपालिकेचा कर आजचा, सिमेंट आजचे. तिने तुळई कशाने बदलावी? पुष्कळ मालकांनी दुरुस्ती सोडून दिली ती दुष्टपणाने नव्हे, हिशेबाने. आणि काहींनी दुष्टपणानेही सोडली, हे लपवण्यात अर्थ नाही: घर पडले की भाडेकरू आपोआप जाईल आणि रस्त्यावरची मोक्याची जागा मोकळी होईल, असा हिशेब करणारेही होतेच. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात स्पष्ट म्हटले, की भाडे असे अनंत काळ गोठवून ठेवणे एके काळी वाजवी असले तरी आता ते वाजवी राहिलेले नाही. कायदा मात्र न्यायालयाने रद्द ठरवला नाही, कारण त्याची मुदत 31 मार्च 1998 रोजी संपणारच होती. हा कायदा मुळात तात्पुरता होता, आणि त्याची मुदत पन्नास वर्षे वाढवत नेली गेली होती! तात्पुरत्या गोष्टी आपल्याकडे किती टिकाऊ असतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मुंबईने या कोंडीतून एक वाट काढून पाहिली. 1969 साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा, त्या पैशात सरकारने भर घालायची आणि मंडळाने दुरुस्ती करायची. सप्टेंबर 1940 पूर्वीच्या, 1950 अखेरपर्यंतच्या आणि सप्टेंबर 1969 पर्यंतच्या, असे इमारतींचे तीन वर्ग केले गेले. अशा 19,642 इमारती होत्या. पुढे हे काम गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे म्हाडाकडे, गेले. 1986 साली त्या कायद्यात आणखी एक प्रकरण घालण्यात आले: भाडेकरूंपैकी 70 टक्क्यांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर सरकारने इमारत संपादन करून त्यांना द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला द्यावा. मालकांच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले. तो वाद वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे गेला, आणि 5 नोव्हेंबर 2024 रोजी निर्णय आला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या 39 व्या अनुच्छेदातील समाजाचे भौतिक साधन ठरत नाही. गळक्या छताचा तंटा घटनेच्या तत्त्वापर्यंत पोचला, तो असा.

उपकराची ही योजना मुंबई बेटापुरती होती. भुसावळ, अमळनेर, चोपडा, धुळे येथल्या वाड्यांसाठी असे मंडळ झाले नाही. येथे भाडेकरू, मालक आणि नगरपालिका एवढे तिघेच उरले. आणि नगरपालिकेचा प्रवेश बहुधा शेवटच्या अंकात होतो, जेव्हा भिंत फुगलेली असते.

नगरपालिकांच्या 1965 च्या कायद्यातील 195 वे कलम आणि महानगरपालिकांच्या 1949 च्या कायद्यातील 264 वे कलम, ही दोन्ही पडायला आलेल्या बांधकामासंबंधी आहेत. जळगाव आणि धुळे येथे 2003 साली महानगरपालिका झाल्या, म्हणून तेथे दुसरे लागू, भुसावळला पहिले. पावसाळ्यापूर्वी अशा घरांना नोटिसा लागतात. नोटीस मालकाला आणि राहणाऱ्याला, दोघांनाही: दुरुस्त करा, नाहीतर पाडा, नाहीतर रिकामे करा. महानगरपालिकेच्या हद्दीत 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याचेही बंधन आता आहे.

ही नोटीस भाडेकरूच्या हातात पडते तेव्हा त्याच्या मनात काय येते ते समजून घेतले पाहिजे. भिंत पडेल अशी भीती त्याला असतेच. त्याहून मोठी भीती असते ती बाहेर पडण्याची. आज सामान उचलले आणि उद्या वाडा पाडला, तर आपले भाडेकरूपण संपले. मोकळ्या जागेवर नवी इमारत उठेल आणि आपल्याला दारात कोणी उभे करणार नाही. म्हणून तो थांबतो. एका खोलीला टेकू लावतो, मुलांना नातेवाइकांकडे झोपायला पाठवतो, स्वतः राहतो. मुंबईत भेंडी बाजारातील हुसैनी इमारत 31 ऑगस्ट 2017 रोजी कोसळली आणि 30 हून अधिक माणसे दगावली. ती इमारत धोकादायक म्हणून आधीच ठरलेली होती. काही कुटुंबे हलली होती, काही राहिली होती. माणसे पडक्या घरात हौसेने राहत नाहीत.

ही भीती निराधार नव्हती. केरळातील एका जळालेल्या दुकानाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की इमारत नष्ट झाली की तिच्यावरचे भाडेकरूपणही संपते. तेरा वर्षे हा निर्णय भाडेकरूंच्या डोक्यावर टांगलेला होता. जुलै 2014 मध्ये तो फिरला, आणि फिरला तो आपल्याच राज्यातील एका वादात. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेने एक इमारत पाडली होती. मालकाचे म्हणणे असे, की इमारत नाही तर भाडेकरू कसला. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की भाडेकराराचा विषय केवळ भिंती आणि छप्पर नसतो, त्याखालची जमीनही त्यात येते. भिंती गेल्या तरी जमीन आहे, म्हणून भाडेकरूपण आहे. त्यासाठी न्यायालयाने 108 वे कलम पुन्हा उलगडून पाहिले. पुराने, आगीने घर गेले तर करार संपवण्याचा पर्याय त्या कलमाने भाडेकरूला दिला आहे, मालकाला नव्हे. भाडेकरूने तो पर्याय वापरला नाही, तर करार चालूच राहतो. 1882 चे कलम, ज्याच्या पोकळपणावर आम्ही वर टीका केली, तेच येथे भाडेकरूच्या उपयोगी पडले.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील धोकादायक इमारतींबाबत महानगरपालिकेला नियम घालून दिले. घर रिकामे केल्याने किंवा पाडल्याने भाडेकरूचा हक्क बाधित होणार नाही, आणि पाडण्यापूर्वी प्रत्येकाच्या ताब्यातील जागेचे क्षेत्रफळ मोजून नोंदवावे. यातील मोजणीची गोष्ट आम्ही फार मोलाची मानतो. वाडा उभा असतो तोवर माडीवरची खोली किती हाताची होती हे सर्वांना माहीत असते. ढिगारा उचलला की एकालाही आठवत नाही. त्यामुळे आपल्या भागात ज्याच्या दाराला अशी नोटीस लागली आहे, त्याने बाहेर पडण्यापूर्वी जागेचे मोजमाप, छायाचित्रे, भाड्याच्या पावत्या, वीजबिले यांची जुळणी करून नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. एवढे झाल्यावर खुशाल बाहेर पडावे. भाडेकरूपण भिंतीला चिकटलेले नाही.

मालकाला छळायचे असेल तर तो छताऐवजी नळाला हात घालतो. पाणी बंद, जिन्यातला दिवा बंद, शौचकूपाची वाट बंद. 1999 च्या कायद्याच्या 29 व्या कलमाने पाणी, वीज, जिन्यातील उजेड, स्वच्छता यांसारख्या आवश्यक सेवा कारणावाचून तोडण्यास मालकाला मनाई आहे, आणि भाडेकरूला त्यासाठी न्यायालयात दाद मागता येते. येथे रकमेची चतुर्थांश मर्यादा आड येत नाही.

आतापर्यंत आम्ही जुन्या भाडेकरूंविषयी बोललो. नव्यांचे काय? आज जळगावात किंवा भुसावळात जो दोन खोल्यांचा फ्लॅट घेतो, तो बहुधा 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सच्या कागदावर. कायद्याच्या दृष्टीने तो भाडेकरू नाही, परवानाधारक आहे. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे परवानाधारक ताब्यात होते त्यांना त्या वर्षीच्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. नंतर आलेल्यांना नाही. त्यामुळे 14 वे कलम, म्हणजे मालक बांधील असल्याचे ते वाक्य, या नव्या माणसाच्या कामाचे नाही. तो पुन्हा 1893 च्या मजुरासारखा झाला: कागदात लिहिले असेल तेवढेच त्याचे. फरक इतकाच, की याच्याजवळ निदान कागद आहे. 55 व्या कलमाप्रमाणे तो कागद लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी झाली नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर त्याविरुद्ध सिद्ध होत नाही.

या कागदात काय लिहून घ्यावे, याचा चांगला नमुना केंद्र सरकारने 2021 साली राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात सापडतो. त्याच्या परिशिष्टात कामांची वाटणीच केली आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणे, विजेची तारजोडणी हे मालकाकडे. नळाचा वायसर, मोरीची सफाई, बटणे, कड्या-कुलपे, खिडकीची काच हे राहणाऱ्याकडे. मालकाने आपले काम केले नाही तर राहणाऱ्याने ते करून महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम दरमहा वळती करावी; आणि घर राहण्याजोगेच उरले नसेल तर 15 दिवसांची नोटीस देऊन ते सोडावे. जेथे हा नमुना कायदा म्हणून लागू नाही, तेथेही त्याची यादी करारात उतरवून घेण्यास कोणाची हरकत नसावी. दलालाकडचा छापील मसुदा बहुधा "सर्व दुरुस्ती राहणाऱ्याने करावी" एवढ्या एका ओळीत काम संपवतो. ती ओळ खोडून त्या जागी दोन नावांखाली दोन याद्या लिहाव्यात, आणि ज्यांच्या नशिबी अजून मातीचे छप्पर आहे त्यांनी मालकाच्या यादीत पहिली नोंद खारी मातीची करावी, मृगाच्या आधीची तारीख घालून.